नऊ भोकांचा आराखडा

सदुसष्टाव्या वर्षी मी फार हुशार होते. आता बहात्तर चालू आहे आणि हुशारी बरीच उतरली आहे. पण तेव्हाची ती बाई आठवली, की तिला समोर बसवून दोन शब्द ऐकवावेसे वाटतात. ताठ बसायची. चष्मा नाकाच्या टोकावर आणून माणसाकडे वरून बघायची. एखादी गोष्ट डोक्यावरून गेली, की मान हलवून "हं, हं" म्हणायची, जणू काही हे तिला शाळेतच शिकवून झालं होतं. या "हं, हं"ने माझ्या नातीच्या गिटारीचं काय केलं, ते सांगते.

मुलगा आणि सून नोकरीपायी नागपूरला आणि नात माझ्याजवळ, कर्वेनगरला. ती हिंजवडीला एका कंपनीत. सकाळी सातला कंपनीची बस, परत यायला साडेआठ-नऊ, तेही रस्त्याने कृपा केली तर. कॉलेजपासून गिटार वाजवते. दर वर्षी एप्रिलात जयंतीच्या दिवशी आमच्या विहारासमोर मांडव पडतो, तिथे मुलंमुली गाणी बसवतात, त्यात ही असतेच. पण गिटार कायम कुणाची तरी मागून आणलेली. तिचे हात माझ्यावर गेलेत, बुटके. बाजारातल्या गिटारीची मान तिच्या मुठीत नीट मावत नाही. शेवटी तिने ठरवलं, आपल्या हाताच्या मापाची, आपल्या मनासारखी एक करून घ्यायची. या जयंतीला स्वतःची गिटार घेऊन मांडवात उभं राहायचं. हे जानेवारीत ठरलं.

गिटार करणारे गृहस्थ आमच्या मागच्याच गल्लीत एका शेडमध्ये काम करायचे. पन्नाशीचे, बोलायला कमी, हात सोन्याचे. त्यांनी सागवानाची एक फळी दाखवली. नात तिच्यावरून असा हात फिरवत होती, की मला वाटलं आता ही फळीला घरी जेवायलाच बोलावते.

लाकडाचं जमलं. अडलं तारांपाशी.

मला तेव्हा जेवढं कळलं होतं तेवढं सांगते, म्हणजे तुम्हालाही जेवढ्यास तेवढं कळेल. इलेक्ट्रिक गिटारीत तारांच्या खाली पट्ट्या बसवलेल्या असतात. आत लोहचुंबक, त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली. याला पिकअप म्हणतात. वर गिटारीची तार थरथरली, की पिकअपमध्ये इवलीशी वीज तयार होते. ती बटणांमधून फिरत बाहेर स्पीकरकडे जाते आणि आवाज होतो. पिकअप कुठे बसवलाय, एक चालू आहे की दोन, यावर आवाज बदलतो. नातीला तीन पिकअप हवे होते, त्यातले दोन जोडाचे, म्हणजे एकातच दोन. शिवाय हवा तेव्हा जोडातला एकच वाजवता आला पाहिजे.

"एवढं कशाला गं?" मी विचारलं.

"तीन गाणी आहेत ना, आजी. पहिलं जोराचं, हलगीला टक्कर देणारं. दुसरं शाहिरी. आणि तिसरं तुमच्या बायकांचं, संथ. त्याला आवाज कसा पाहिजे सांगू? गरम वरणावर तूप सोडल्यासारखा."

तिसऱ्या गाण्यात मी होते. विहारातल्या आम्ही अकरा बायका, पांढऱ्या साड्या, आणि आमच्या मागे पहिल्यांदाच गिटार. त्या तुपासाठी तर हा सगळा खटाटोप.

गिटारवाले म्हणाले, "मला दोन जोडण्या पाठ आहेत, दोन्ही साध्या. तुम्हाला हवी ती माझ्या पाठातली नाही. तुम्ही कागद आणा, मी त्याप्रमाणे भोकं पाडून देतो. तारा तुमच्या तुम्ही जोडा."

रविवारी जेवताना नात रडवेली झाली. "मला वेळच नाही गं. बसमध्ये चढल्या चढल्या डोळे मिटतात. हे सगळं आखणार कोण?"

त्यावर त्या सदुसष्टीच्या बाईने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मी."

"तू?"

"अगं, अर्ध्या जिल्ह्याचे कालवे या हाताने काढलेत. तुझ्या चार तारा काय घेऊन बसलीस!"

आता यातलं खरं खोटं करून टाकते. मी पाटबंधाऱ्यांच्या कार्यालयात एकतीस वर्षं अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे इंजिनियर साहेब पेन्सिलीने नकाशा काढणार, त्यावर मेणकापडासारखा पारदर्शक कागद अंथरून आम्ही तो शाईने गिरवणार. कालवा डावीकडे का वळला, दार इथेच का बसवलं, हे विचारायचं आमचं काम नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नाही. माझी रेघ मात्र अशी, की साहेबलोक मुद्दाम माझ्याकडे काम पाठवायचे. घरी सगळ्यांची समजूत झाली, की कालवे मीच आखते. ती समजूत मी कधी करून दिली नाही. आणि कधी दूरही केली नाही. मुलांच्या शाळेत, नातेवाइकांत, सासरी ती समजूत फार उपयोगी पडायची.

तर अशा बाईने आराखडा हाती घेतला.

नातीने इंटरनेटवरून तीन आकृत्या छापून दिल्या होत्या. एकीत पिकअप चालू-बंद कसे करायचे ते, दुसरीत जोडातला एक वेगळा कसा करायचा ते, तिसरीत आवाज कमीजास्त करायची बटणं. सोबत पानंच्या पानं इंग्रजी मजकूर. मी तो शब्दकोश घेऊन वाचला. एकेक शब्द कळायचा, वाक्य कळायचं नाही. खाली लोकांनी वाद घातलेले. पहिला सांगणार असं करा, दुसरा म्हणणार असं केलंत तर फुकट जाल, तिसरा म्हणणार तुम्ही दोघंही मूर्ख आहात. माझा तिसऱ्यावर विश्वास बसायचा.

चौथ्या दिवशी मी वाचणं सोडलं आणि मला जे येत होतं ते केलं. तिन्ही आकृत्या एका मापाच्या करून घेतल्या. त्यांच्यावर पारदर्शक कागद अंथरला. आणि गिरवल्या. गावांचे नकाशे कडेला कड जुळवून तालुका तयार करतात, तशी मी तीन आकृत्यांची एक गिटार तयार केली. जिथे रेघ रेघेला मिळाली, तिथे माझा जीव थंड झाला.

समजूतही मी आपली तयार करून टाकली होती. पिकअप म्हणजे धरण. तार म्हणजे कालवा. बटण म्हणजे दार. शेवटी स्पीकरची वायर जिथे खुपसतात ते भोक म्हणजे शेत. धरणातून पाणी निघालं, दारातून गेलं, शेतात पोहोचलं, संपलं. मग प्रत्येक धरणाला आपलं दार नको का? प्रत्येक कालव्याला पाणी कमीजास्त करायची सोय नको का? नातीने मागितलं होतं त्याच्या दुप्पट मी दिलं. एकूण नऊ बटणं झाली.

आकृत्यांत जागोजागी एक खूण होती. एकाखाली एक तीन आडव्या रेघा, खाली लहान लहान होत गेलेल्या. ती पाहून मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्या नकाशांत पाण्याची पातळी दाखवायला उलट्या त्रिकोणाखाली अगदी अशाच रेघा असतात. म्हटलं, यांनी त्रिकोण गाळलाय, आळशी लोक. पातळीची खूण ती, तिला काही जोडायचं नसतं. मी त्या बाराही खुणा सुबक काढल्या आणि जिथल्या तिथे लोंबकळत ठेवल्या.

एक गोष्ट मात्र टोचत होती. पिकअप घरी आले होते, आणि जोडाच्या पिकअपमधून पाच पाच तारा बाहेर आलेल्या. लाल, हिरवी, पांढरी, काळी आणि एक उघडी. माझ्या कागदावर त्यातल्या काहींना जागाच नव्हती. धरणाला एवढे कालवे कशाला? दोन दिवस मी त्या तारांकडे बघत बसले. पोळी करपली, दूध उतू गेलं. कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं होतं, की मला यातलं काही कळत नाही. आणि ते सांगायचं म्हणजे मग कालव्यांचंही निघालं असतं.

आकृतीतल्या एका भागाचं नाव पाठ करून बुधवार पेठेत विजेच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले, तिथे तरी कुणी आपणहून काही सांगेल म्हणून.

"काय हवंय?"

"कपॅसिटर."

"कितीचा?"

"तुमच्याकडे कितीचे आहेत?"

"तुम्हाला आयुष्यभर पुरतील इतके आहेत. तुम्हाला कशासाठी हवाय?"

"गिटारीसाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या शेपूच्या जुडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ज्याची गिटार आहे त्याला पाठवा."

मी तशीच परत आले. रिक्षात बसून स्वतःशी म्हणाले, उरलेल्या तारा जादा दिल्या असतील. ठेकेदार देतात तशा.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघी कागद घेऊन शेडमध्ये गेलो. गिटारीचं अंग तयार होतं. मधाच्या रंगाचं, हातात घेतलं की सोडवेना असं. गिटारवाल्यांनी माझा कागद उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"रेघ सुरेख आहे, काकू."

"हं," मी म्हणाले.

"पण नऊ भोकं? गिटार करायचीय की झारी?"

"लागणार आहेत तेवढी."

"नक्की ना? कागदाला खोडरबर असतं, लाकडाला नसतं. आणि आता दुसरं अंग करायला जयंतीपर्यंत वेळही नाही."

नातीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर शंका असती, तर मला सोपं गेलं असतं. तिथे शंका नव्हती. लहानपणी मी तिला पेशवे उद्यानात हात धरून न्यायचे, तेव्हा रस्ता ओलांडताना ती रस्त्याकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. तशीच बघत होती.

त्या क्षणी तोंड उघडायचं होतं. तोंड उघडलंही.

"नक्की," ती बाई म्हणाली.

यंत्र सुरू झालं. लाकडाचा भुसा माझ्या पायावर पडत होता आणि मी एक, दोन, तीन मोजत उभी. पाचव्या भोकाला वाटलं, आता तरी थांबवावं. सहाव्याला वाटलं, आता काय उपयोग. बाकीची तीन मी भिंतीकडे बघत काढली.

मार्चच्या पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आम्ही तारा जोडायला बसलो. नातीच्या हातात तापलेली डाखणी, म्हणजे तारा चिकटवायची सोल्डरिंगची सळई, माझ्या हातात कागद. मी सांगायची, ती डाख द्यायची. डाखणीचा धूर नाकात जाऊन दोघी खोकत होतो. "लाल तार चौथ्या दाराला." "दाराला?" "बटणाला गं!" "आणि ही काळी? ही उघडी?" "जादा आहेत. चिकटपट्टी लाव."

संध्याकाळी वायर खुपसली. स्पीकर लावला. नातीने तार छेडली.

घूंऽऽ. मोठ्ठा भुंगा डब्यात कोंडल्यासारखा आवाज. गिटारीचा आवाज त्याच्याखाली कुठेतरी, मेलेला. पहिलं बटण फिरवलं, भुंगा. पाचवं फिरवलं, भुंगा. सगळी बंद केली, तरी भुंगा.

"कुठेतरी डाख कच्चा राहिला असेल," नात म्हणाली. बिचारी स्वतःवरच घेत होती.

"असेल," मी म्हणाले. बघा, केवढी थोर बाई.

पुढचा रविवार, पुन्हा सगळे डाख काढून नवे दिले. घूं. त्याच्या पुढच्या रविवारी तिने बटणंच बदलून आणली. घूं. मधल्या दिवसांत ती ऑफिसला गेली, की मी गिटार मांडीवर घेऊन बसायचे. मागची झाकणी उघडायची, आतला तारांचा गुंता बघायचा, कागद बघायचा. कागदावरची प्रत्येक रेघ तिथे होती. मी एक रेघ चुकले नव्हते, आणि तरी काय चुकलंय हे शोधायला कुठून सुरुवात करायची तेही मला ठाऊक नव्हतं. साहेबांनी पेन्सिलीने काढून दिल्याशिवाय मला काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. झाकणी लावायची आणि भाजी निवडायला बसायचं.

विहारात तालमी सुरू झाल्या होत्या. बायका विचारायच्या, "काय हो, नातीची गिटार कधी आणताय?" मी म्हणायचे, "शेवटचा हात चाललाय."

जयंतीच्या चार दिवस आधी नात घरी आली ती चप्पल न काढताच टेबलापाशी गेली. बसमध्ये तिने कसलासा व्हिडिओ पाहिला होता. माझा कागद तिने समोर ओढला.

"आजी, ही तीन रेघांची खूण आहे ना, ही काय आहे?"

"पाण्याची पातळी."

तिने खुणेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "कुठलं पाणी?"

मी चष्मा नाकाच्या टोकावर आणला.

"आजी, ही परतीची वाट आहे. वीज पिकअपमधून निघते तशी तिला परत पिकअपपर्यंत यावं लागतं. ही खूण जिथे जिथे आहे, ते सगळं एकमेकांना जोडायचं असतं. तू एकही जोडलेली नाहीस. बारा ठिकाणी."

"पाणी कधी धरणात परत जातं का?" मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले.

"तू कालवे आखताना..."

"मी नाही आखले."

एकतीस वर्षं नोकरी आणि वर नऊ वर्षं निवृत्ती, एवढा काळ राखलेली गोष्ट तीन शब्दांत संपली. मग सगळंच सांगितलं. साहेब, पेन्सिल, पारदर्शक कागद. तीन आकृत्या एकीला एक जोडून गिरवल्याचं. जादा तारांचं. शेडमध्ये मला माहीत होतं, की मला माहीत नाही, तेही.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि त्या नऊ बटणांवरून एकेक करून बोट फिरवत राहिली.

"शेडमध्ये सांगायचंस ना गं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली. आम्ही गिटार घेऊन शेडमध्ये गेलो. गिटारवाल्यांनी झाकणी उघडली, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत पाहिलं.

"काकू, हे सोडवायला मला महिना लागेल. आणि तीन आकृत्या एकमेकींशी भांडतायत, त्यामुळे सोडवून जुळेलच असंही नाही. तीन दिवसांत मी पाठातलं करून देतो. एक पिकअप, एक बटण. वाजेल."

"आणि बाकीची आठ?" नातीने विचारलं.

"राहू द्या. काढली तर भोकं दिसतील."

गिटारीच्या तारा खाली जिथे टेकतात त्या पुलाजवळचा, म्हणजे सगळ्यात कडक आवाजाचा पिकअप त्यांनी जोडला. जोराच्या गाण्याला तोच लागतो, आणि नातीनेच तो सांगितला. एकच निवडायचा होता, तिने निवडला.

जयंतीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. पहिलं गाणं दणक्यात झालं. हलगीला तोडीस तोड. पुढच्या रांगेतली मुलं उठून नाचायला लागली. दुसरंही बरं झालं. मग आम्ही अकराजणी पांढऱ्या साड्यांत वर गेलो. पेटी सुरू झाली. मी मान वळवून मागे पाहिलं. नातीने दोन सूर छेडले. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे आले. तिने एक मेलेलं बटण फिरवलं, सवयीने असेल. मग आमच्या गाण्यावर ओरखडा नको म्हणून तिने तळहात तारांवर टेकवला आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली. मी गायले. काय गायले, कुणाला ठाऊक. सात मिनिटांचं गाणं आहे ते. इतकं लांब कुणी केलं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

खाली उतरल्यावर शेजारच्या बाई कौतुकाने गिटार बघायला आल्या. "अगंबाई, केवढी बटणं! एवढी सगळी काय करतात गं?"

नात माझ्याकडे बघून म्हणाली, "आजीला विचारा. आराखडा तिचा आहे."

"काही करत नाहीत," मी म्हणाले. "एक सोडून सगळी नुसती आहेत."

बाईंना वाटलं मी विनय करतेय.

याला पाच वर्षं झाली. गिटार तीच आहे, नातीने दुसरी केली नाही. आणि आतलं काम कुणाकडून करूनही घेतलं नाही. वेळ नाही म्हणते. दर जयंतीला संथ गाण्याला ती तळहात टेकवून उभी राहते. आता लोकांना वाटतं, तशीच रीत आहे.

मी मात्र मधल्या काळात शिकत होते. या खेपेला विचारून, लोकांना वैताग येईपर्यंत विचारून. बुधवारातल्या त्या दुकानदारांना मी आता लांबून दिसले, तरी ते चहा सांगायला लागतात, नाइलाजाने. गेल्या महिन्यात धीर करून नातीला म्हटलं, "आता मला कळलंय. तो मानेजवळचा पिकअप जोडू का? तुपासारखा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कागद-पेन्सिल पुढे केली. "आधी साध्या बॅटरीची आकृती काढ. सेल, बल्ब, बटण. न गिरवता."

काढली. रेघ पूर्वीची राहिलेली नाही. पण वीज गेली तशी परत आणली.

तिने कागद उजेडात धरून पाहिला. "बरोबर आहे," म्हणाली. मग उठली, गिटार भिंतीवरून काढली, माझ्या हातात न देता पिशवीत घातली आणि चेन लावून स्वतःच्या खोलीत घेऊन गेली.